जांभूळच्या विहिरीवरची घरटी

२४ ऑगस्ट, रविवार
सकाळी आरोनचं वाचन घेतलं. (यापुढे आ. लिहीन, बोटं दुखतात.) सूर झकास, पण शब्द गिळतो. मी ओरडलो. सून स्वयंपाकघरातून, "पप्पा, हळू! शेजाऱ्यांना वाटेल भांडण चाललंय." वाटू दे. एकुलता एक नातू, दोन आठवड्यांनी बार मिट्झ्वा. तेराव्या वर्षी सेफरपुढे, तोराच्या गुंडाळीपुढे, वाचायला उभा राहणार. अंबरनाथात आम्हा ज्यू लोकांची घरं आता उरलीत किती? चुकला तर सगळे माझ्याकडेच बघणार, शिकवतोय मी.

वाचनात त्याचा आवडता भाग आलाय. वाटेत घरटं दिसलं आणि आई पिलांवर बसलेली असली, तर आईला पिलांसकट घेऊ नकोस. म्हणजे तुझं बरं होईल, खूप जगशील. आ. विचारतो, "आजोबा, हे एवढं जुनं आहे?" म्हटलं, मग! तुझ्या मोबाइलवर पहिल्यांदा आलं वाटलं काय?

२७ ऑगस्ट, बुधवार
आ.सोबत जांभूळ गावाला. बाळारामच्या शेतात जुनी विहीर, तिच्यावर ओणवलेल्या शिंदी, आणि त्यांना सुगरणींची घरटी लटकलेली. काय कलकलाट! आ. रोज शाळा सुटली की सायकलने इथे.

धाकटा मुलगा सॅमी फोनवर सांगत असतो, तिकडे इस्रायलला मुलं बार मिट्झ्वाच्या वर्षी एखादं दानाचं काम हाती घेतात. आ.ने घेतलंय ते हे. भेट म्हणून येतील ती सगळी पाकिटं बाळारामला द्यायची, त्याने विहीर बुजवायची नाही, शिंदी तोडायच्या नाहीत. बाळारामला जागा बिल्डरला द्यायचीय. पण हसून म्हणाला, "पोरा, दिवाळीपर्यंत कोन हात नाय लावनार. मंग बघू." आ.ला तेवढ्यानेच आकाश ठेंगणं. मला त्या "बघू"ची धास्ती वाटते.

३१ ऑगस्ट, रविवार
सॅमी आला. जाडा झालाय. स्वतःचं मूलबाळ नाही, सगळा जीव आ.वर. सामान टाकलं न टाकलं तोच दोघे जांभूळला. संध्याकाळी मला फोटो दाखवत होता, "पप्पा, काय कारागिरी आहे हो!" डोळ्यांत पाणी होतं गड्याच्या. आ. तर नुसता तरंगतोय. काकाला माद्या कुठे आत-बाहेर करतात तेही दाखवलं म्हणे.

४ सप्टें., गुरुवार
रविवारच्या समारंभाच्या हॉलचं डेकोरेशन सॅमीने अंगावर घेतलंय. उल्हासनगरचा कोणी गणपतीची मखरं करणारा पकडलाय. फोनवर सारखं "इको-फ्रेंडली पाहिजे, इको-फ्रेंडली." मोठा मुलगा बेनी, आ.चा बाप, विचारतो, काय ठरलं? तर, "सरप्राइज आहे." ठीक. माझा चहा मात्र वेळेवर द्या म्हटलं.

६ सप्टें., शनिवार (शब्बाथ संपल्यावर)
वाचला! एक शब्द गिळला नाही. खांद्यावर माझा जुना सिसिथ, प्रार्थनेची शाल, जमिनीला टेकत होता. घरट्याच्या ओळीला जरा थांबला, मग सावकाश, गोड. बाहेर विसर्जनाचे ढोल, तरी त्याचाच आवाज ऐकू येत होता. हिची फार आठवण आली. ही असती तर मोठ्याने रडली असती, मी मान खाली घालून रडलो.

७ सप्टें., रविवार
लिहवत नाही. पण लिहितो.

सॅमीने दारातच आ.चे डोळे झाकले. आत नेलं. "उघड!" छताला घरटी लटकलेली, प्रत्येकात पिवळा दिवा. लोक वा वा करताहेत. आ.सुद्धा आधी हसला. त्याला वाटलं खोटी आहेत. मग त्याला दोऱ्यावरून उतरणारी मुंग्यांची रांग दिसली. खुर्चीवर चढला, हात आत घातला. पिलू. पिसंसुद्धा फुटली नव्हती.

डेकोरेशनवाला खुशीत. "अंकलजी, एकदम नॅचरल है, थर्माकोल का एक टुकड़ा नहीं." सॅमीने त्याला विहिरीचा फोटो पाठवला होता, जागेसकट. असं काहीतरी करा म्हणून. त्याच्या माणसांनी तेच आणून दिलं.

आ.ने माइक घेतला. भाषण पाठ होतं त्याचं. म्हणाला, "ही घरटी खरी आहेत." एवढंच. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

मग मलिद्याचं ताट माझ्यापुढे आलं. गोड पोहे, खोबरं, फळं. एलियाहू हन्नाबीचं, आमच्या प्रेषिताचं, नाव घेऊन आशीर्वाद कसाबसा म्हटला. आ. हॉलमागच्या नळावर हात धूत होता. धूतच होता.

८ सप्टें., सोमवार
बेनीला घेऊन जांभूळ. मी बाळारामवर तोंड टाकलं. तो बिचारा म्हणाला, "काका, तुमच्याच पोराचं कार्य हाय म्हनली ती मानसं. मंग मी कशाला नाय म्हनू? मीच बांबू दिला." आता याला काय बोलणार? सॅमीने प्रेमाने केलं, याने मान राखला, डेकोरेशनवाल्याने हौसेने. रागवायला माणूस सापडत नाही, याचाच राग येतो.

निघताना बाळाराम हळूच, "पाखरंच नाय तर हिर कशाला ठेवू, सांगा."

१२ सप्टें., शुक्रवार
सॅमी गेला. आ. निरोपाला खोलीबाहेर आला नाही. सॅमी दाराशी उभा राहून बोलला, "बाळा, मला वाटलं तुला..." मग बॅग उचलली. माझं लेकरू तेही. पाकिटं कपाटात तशीच.

२१ सप्टें., रविवार
आ. पुन्हा जायला लागलाय विहिरीवर. एक नर पाती आणून नवं विणतोय म्हणाला. "आजोबा, मादी येईल ना?" पाऊस सरत आला, भात पिकायला लागलंय. आता कुठली येते! येईल म्हटलं. थापाड्या म्हातारा.

१ ऑक्टोबर, बुधवार
आज सूर्यास्तापासून दारफाळणीचा सण. योम किप्पूरला आमच्या जुन्या लोकांनी दिलेलं नाव: दारं लावून घरात बसायचं, पांढरे कपडे, उपास, उद्या तारे दिसेपर्यंत पाणीही नाही. आ.चा पहिला पुरा उपास. त्याआधी ज्याचं वाईट केलं त्याच्यासमोर जाऊन माफी मागायची. माणसाचं केलेलं देवही परस्पर माफ करत नाही. मीच शिकवलंय.

सॅमीचा फोन. रडत होता. आ. शांतपणे, "काका, मी माफ केलं. पण माझं तुम्ही काही केलंच नाहीये." फोन ठेवला. मग मला, "विहीर काकांना मी दाखवली. मी कुणाची माफी मागू?" देवाची माग म्हटलं. "तसं चालत नाही, तुम्हीच म्हणता. ज्याचं केलं त्याच्याकडेच जायचं." तो चपला घालू लागला.

सकाळी बाळारामचा फोन आला होता. काल शिंदी पाडल्या. विहिरीत दोन डंपर माती पडली. आ.ला सांगायचं उद्यावर, परवावर ढकलत होतो. थांब म्हणेपर्यंत जिना उतरून गेला.

बेनी मोटरसायकल घेऊन मागे गेलाय. दोघांचा पत्ता नाही. ऊन गच्चीच्या कठड्यावर गेलं. सणाचा दिवा लागला की काम वर्ज्य, लिहिता येणार नाही. सून विचारते, "पप्पा, दार लावू?"

नको म्हटलं.