एमसीबीला बांधलेला नाडा

६ मे
वायर गरम लागली! यूपीएसमधून अप्पांच्या ऑक्सिजनच्या मशीनकडे जाते ती. लाइट गेलेली, फरशी पुसताना हात लागला. विश्वजीत म्हणतो, "उन्हाळा आहे, सगळंच गरम लागतं." स्वतःचे वडील त्या वायरीवर श्वास घेतायत आणि याला उन्हाळा सुचतोय!

७ मे
झोप नाही. जळका वास येतो का म्हणून घरभर हुंगत फिरते.

९ मे
कल्पेश इलेक्ट्रिशियन येऊन गेला. यूपीएसच्या पुढे एमसीबीच नव्हती म्हणे – आणि त्याच वायरीवर मशीन, त्याच वायरीवर फ्रिज. पेटली असती तर थांबवणारं काहीच नव्हतं. त्याने एमसीबी बसवली. "लोड वाढला की ही पडणार, लाइन बंद होणार, वहिनी. फ्रिज काढायचा, खटका पूर्ण खाली करून वर करायचा. पण फ्रिज दुसरीकडे घ्याच." विश्वजीत – रविवारी बघू.

आगीची भीती गेली, दुसरी आली. मी ऑफिसात असताना पडली तर? आई, म्हणजे सासूबाई, घाबरल्या की त्यांना काही सुचत नाही.

१३ मे
पडली. लाइट गेली, फ्रिज सुरू झाला – खट्. मशीन बंद. मी घरात होते म्हणून निभावलं. तेवढ्यात अप्पांचे ओठ निळसर झाले होते. आई दारात नुसत्या उभ्या, हात जोडून.

१५ मे
दूध नासतंय म्हणून विश्वजीतने फ्रिज परत तिथेच लावला. भांडले.

संध्याकाळी पाहते तर एमसीबीच्या खटक्याला लाल नाडा! एकवीरेचा. आईंनी खटका वर ओढून खिळ्याला करकचून बांधलाय. "आता नाही पडायची गं." सोडायला हवा होता. पण खोटं कशाला लिहू – मलाही बरं वाटलं.

१९ मे
अप्पा गेले.

२२ मे
त्या दिवशी लाइट गेली, मशीन थांबलं. विश्वजीत एमसीबीकडे धावला – खटका वर. म्हणजे यूपीएसच गेला, असं धरून आम्ही बॅटरीच्या वायरी चाचपत बसलो. ऑक्सिजनचा राखीव सिलिंडर भरायला पळस्प्याला दिलेला.

आज कल्पेशने सांगितलं. खटका बांधून ठेवला तरी एमसीबी आतून पडतेच. फक्त बाहेर दिसत नाही. नाडा सोडून खटका खाली-वर केला असता तर मशीन सुरू झालं असतं.

घरात कुणाला बोलले नाही.

१ जून
आई देव पुसत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "नाडा सैल बांधला का गं मी?"

"नाही आई. घट्ट होता."