ओताकरची खेळी

प्रिय हिमानी,

काळा उंट उचलून तुझ्या बाबांनी हात तसाच हवेत धरला. मग उंट होता तिथेच ठेवला आणि म्हणाले, "मीनाक्षी, मेल परत वाच."

मी परत वाचला. म्हणजे तू फोनवर सांगितलेली खेळी, ओताकरच्या पुतणीने पाठवल्यासारखी. पांढऱ्या हत्तीने प्यादं खाल्लं.

तुझ्यासाठी ओताकर म्हणजे वहीत चिकटवलेली परदेशी तिकिटं. चेक रेल्वेत, ओलोमोउत्सजवळ, तो सिग्नल सांभाळायचा. सरकार देशाबाहेर जाऊ देईना, म्हणून पोस्टाने बुद्धिबळ खेळायला लागला. एका कार्डावर एक खेळी, उत्तराला दीड-दोन महिने. असे डाव जिंकत तो मास्टर झाला. पुढे सीमा खुल्या झाल्या, तरी कुठे गेला नाही. बाबांनी पाठवलेलं वेरूळचं चित्रकार्ड त्याने केबिनमध्ये लावलं होतं. कधी येतोस असं विचारलं, की उत्तरात फक्त पुढची खेळी असायची. लोक संगणकाकडून खेळ्या काढायला लागले तेव्हा त्याने स्पर्धा सोडल्या. बाबांशी डाव तेवढा ठेवला. हात थरथरायला लागल्यावर पुतणी त्याच्या खेळ्या माझ्या मोबाइलवर पाठवायची, मी वाचून दाखवायचे.

तो गेल्याचा मेल मी वाचून दाखवला नाही. बाबांची अँजिओप्लास्टी नुकतीच झाली होती. तू म्हणालीस, मोबाइल खेळी काढून देईल, त्यांना काय कळतंय. मलाही तसंच वाटलं. पटाकडे मी आजवर धूळ पुसण्यापुरतंच पाहिलंय.

"खेळी उत्तम आहे," बाबा म्हणाले. "पण फुकटचं प्यादं तो लगेच घेत नाही. आधी राजा कोपऱ्यात नेतो. घाबरट आहे लेकाचा." थोडे हसले. मग विचारलं, "कधी गेला?"

मी सांगितलं.

"म्हणजे नियमाने मी जिंकलो," असं म्हणून ते भिंतीकडे तोंड करून झोपले.

आज त्यांच्या तपासणीचा रिपोर्ट आला. खरोखर चांगला आहे. मी वाचून दाखवला. ते रिपोर्टकडे नाही, माझ्या तोंडाकडे पाहत राहिले. फोनवर हे बोलवत नाही, म्हणून लिहिते आहे. दुसरी खेळी शोधू नकोस. तू ये, आणि रिपोर्ट तू वाच. तुझं तरी ऐकतील का, माहीत नाही.

तुझीच,
आई

ता. क. सकाळी त्यांनी हत्ती मागे घेतला, प्यादं जागेवर ठेवलं, ओताकरचा राजा कोपऱ्यात नेला आणि आपल्या खेळीचा विचार करत बसले. गोळी घेतली नाही.