आरोपी मयत

सर, तुम्हाला जाऊन बरीच वर्षं झाली, तरी माझा राग शाबूत आहे. तुमच्याविषयी कुणी चांगलं बोललं की मी अजूनही उठून दुसरीकडं जाते.

पहिल्या वर्षाला तुम्ही आम्हाला कायद्याचा इतिहास शिकवायचात. मी बजाजनगरहून सिटी बसनं यायचे आणि पहिल्या बाकावर बसायचे. तुम्ही आमच्याच सोसायटीत, खालच्या मजल्यावर राहायचात, म्हणून आई बजावायची, "सर घरचेच हायेत, तिथं नीट बस." अजून दिसतं मला. तुम्ही खडू हातात धरून उभे आहात, फळ्यावर काहीच लिहीत नाही. "आधी कायदा नव्हता, सूड होता," तुम्ही सांगताय. "एकाचा दात पडला की दुसऱ्याच्या घरातली चार माणसं पडायची. मग एका राजानं दगडावर कोरून घेतलं, दाताला दातच, त्याच्यावर काही नाही. लोक त्याला क्रूर म्हणतात. खरं तर तो सुडाला घातलेला लगाम होता." मग गावचे पंच, काझीचा न्याय, आपल्या शहरातली निजामाची उर्दू कोर्टं, फिर्याद, वकील, हुकूम हे शब्द कुठून आले ते. आणि शेवटी दोन नियम. कुणीही स्वतःच्याच तंट्यात न्यायाधीश होऊ नये. समोरच्याचं ऐकल्याशिवाय निवाडा देऊ नये. बाकीची सगळी कलमं या दोन वाक्यांवर उभी आहेत, असं तुम्ही म्हणालात आणि मला ते इतकं आवडलं की घरी येऊन मी आईला पोळ्या लाटता लाटता ऐकवलं.

त्याच उन्हाळ्यात जायकवाडी धरण तळाला गेलं. वाळूजला कंपन्यांच्या शेड वाढत होत्या, आमच्या मागं नव्या बिल्डिंगा उठत होत्या आणि पाणी टँकरनं येत होतं. सोसायटीची जमिनीखालची टाकी भरली तरी सकाळपर्यंत अर्धी व्हायची. आई कंपनीतल्या पोरांचे डबे करायची, म्हणजे भांडी जास्त, म्हणजे पाणी जास्त, एवढा सरळ हिशोब तुम्ही केलात. गच्चीवर सभा बोलावलीत. तक्रार तुमची, कारण पाणी तुमच्या नळाला येत नव्हतं. चेअरमन तुम्ही. आणि निकालही तुमचाच. "पाण्याची चोरी कोण करतं हे सगळ्यांना माहीत आहे," असं आईकडं बघून म्हणालात. आई उठली. "सर, मी टाकीला हात बी लावला नाय. माझं जरा ऐका," एवढंच ती म्हणाली. तुम्ही चष्मा पुसत म्हणालात, "बसा बाई. ऐकण्यासारखं काही नाही." आई बसली. दुसऱ्या दिवशी आमचं कनेक्शन तोडलं. डबे बंद झाले. ज्या बायका तिच्याकडून पीठ उसनं न्यायच्या, त्या जिन्यात तिला वाट देऊन भिंतीकडं बघायला लागल्या.

मी वर्गात उभी राहिले. "सर, ते दोन नियम सोसायटीला लागू होतात का?" तुम्हाला सगळं कळलं. "अभ्यासक्रमातलं विचार," म्हणालात आणि पुढं शिकवत राहिलात.

पावसाळ्यात प्लंबरनं टाकी उघडली. तळाला तडा गेला होता, पाणी जमिनीत मुरत होतं. तुम्ही तडा बुजवून घेतलात, आमचं कनेक्शन जोडून दिलंत आणि चोर हा शब्द तसाच ठेवलात. कुणापुढं एक वाक्य बोलला असतात तर मी एवढी पेटले नसते.

वकिलीची सनद मिळाल्यावर मी पहिली फिर्याद आईची केली. अब्रुनुकसानीची, तुमच्यावर. तुम्ही तारखांवर तारखा घेतल्यात. आई दर तारखेला तीच हिरवी साडी नेसून, कोर्टाच्या व्हरांड्यात बाकावर बसून राहायची. आणि तिची साक्ष व्हायच्या आधीच तुम्ही गेलात. आरोपी मयत, फिर्याद निकाली. गुन्हा माणसाबरोबर मरतो, हेही तुम्हीच शिकवलेलं. मी आईला समजावून सांगितलं, तर ती म्हणाली, "मंग आता मी चोर नाय असं कोण म्हणणार?"

कॉलेजनं शोकसभा ठेवली. माजी विद्यार्थिनी म्हणून मलाही दोन शब्द बोलायला उभं केलं. मी तुमची गच्चीवरची सभा सांगितली. टाकी सांगितली, तडा सांगितला. प्राचार्य खुणा करायला लागले, मागून कुणीतरी म्हणालं, "ही जागा नाही." तेव्हा पहिल्या रांगेतून तुमच्या पत्नी बोलल्या. आवाज अजिबात चढला नव्हता. "तिला पूर्ण बोलू द्या. मलाही सांगितलं नव्हतं त्यांनी." मी पूर्ण बोलले. तुमचा हार घातलेला फोटो समोर होता आणि त्याला उत्तर देता येत नव्हतं. मला तेच हवं होतं.

दोन दिवसांनी तुमच्या पत्नी आमच्या घरी आल्या. दार उघडं ठेवून, जिन्यात ऐकू जाईल अशा आवाजात आईला म्हणाल्या, "तुम्ही चोर नव्हतात. हे त्यांनी सांगायला हवं होतं." आईनं त्यांना चहा केला. त्या गेल्यावर मला म्हणाली, "मेलेल्या माणसाला असं चारचौघांत बोलत्यात व्हय? त्या बाईचं तोंड बघितलं का तू?" मी मान खाली घालून म्हणाले, चुकलं माझं.

हे पत्र कुठं पाठवणार. आता आईही नाही, म्हणून तुम्हालाच सांगते. मी तिच्याशी खोटं बोलले. मला त्या दिवशी शोकसभेत फार बरं वाटलं होतं.