बॅटरीचा उपास

१२ फेब्रु. ९९, शुक्र.
जावई संजयराव सकाळी माजिवड्याहून आलेले. मोबाइल देऊन गेले. त्यांना ऑफिसने नवा दिला, हा त्यांचा जुना. बॅटरी मात्र कोरी घालून आणलीय, लिथियमची.
घरचा फोन दोन महिने मुका आहे. रस्ता खणताना केबल तुटली. लाइनमन येतो, चहा पितो, जातो. आणि नेमकं आत्ताच सौ.चं नाव ठाण्याच्या डोळ्यांच्या हॉस्पिटलात यादीत वर आलंय. उजव्या डोळ्याचं बुबुळ पांढरं झालंय, डावा लहानपणापासून नावालाच. कुणाचं नेत्रदान झालं की सिस्टर फोन करणार. दोन तासांत 'येतो' असं कळवलं नाही, तर डोळा पुढच्या नावाला. म्हणून हा मोबाइल. मीनाला (मुलगी) बजावलंय, गप्पा मारायला यावर फोन करायचा नाही.
संजयराव जाताना म्हणाले, बाबा, बॅटरीची जरा काळजी घ्या. मला सांगतायत! खोपटला डेपोमागे एकतीस वर्षं ट्रकच्या बॅटऱ्या भरल्या. शिकवलं कुणी नाही, ॲसिडने लेंगे जाळून घेत शिकलो.

१५ फेब्रु., सोम.
पहिलं चार्जिंग झालं. कोऱ्या बॅटरीला पहिल्यांदा सावकाश आणि भरपूर भरायचं. बाळंतिणीला कुणी तिसऱ्या दिवशी चुलीपुढे बसवत नाही. ट्रकच्या बॅटरीला तीन दिवस द्यायचो, हिलाही दिले. तेवढे दिवस फोन बंद.
हाताला चांगलीच गरम लागली. म्हटलं, मुरली.
रेंज फक्त स्वयंपाकघराच्या खिडकीत. तिथे फळीवर ठेवलाय. सौ.ने लोकरीचं कव्हर विणायला घेतलं. दिसत नाही, पण बोटांना टाके पाठ.

१९ फेब्रु., शुक्र.
आज लाईट नाहीत. शुक्रवार, नेहमीचंच.
खालच्या मजल्यावरचे जोशी वर आले. त्यांच्या मुलाच्या ऑफिसात चार मोबाइल, त्यामुळे यांना सगळं माहीत. म्हणे मोबाइलच्या बॅटरीला आठवण असते. अर्धी असताना भरली, की तिला तेवढीच भूक आठवते, पुढे पोटभर खातच नाही. म्हणून आठवड्यातून एकदा पार रिकामी करायची, मग भरायची.
पटलं नाही. ट्रकची बॅटरी पार उतरू दिली म्हणजे मेलीच. पण ती शिशाची, ही कसली तरी निराळी. नव्या सुनेला जुन्या घरची रीत लावून चालत नाही. गुरुवारी आम्हा दोघांचा उपास असतो. ठरवलं, बॅटरीचाही गुरुवार.

२५ फेब्रु., गुरु.
रिकामी करायची म्हणजे वापरायला हवी, आणि फोन तर कुणाला करायचा नाही. त्यात सापाचा एक खेळ आहे. काल संध्याकाळभर तोच खेळत बसलो. साप सारखा भिंतीवर आपटतो. माझं वय सदुसष्ट.
सौ. आतून म्हणाली, "काय चाललंय?" म्हटलं, बॅटरीचा उपास. म्हणाली, बॅटरीचा उपास आणि तुमची करमणूक.
सकाळी साडेदहाला फोन आपोआप बंद पडला. मग भरायला लावला, संध्याकाळपर्यंत. भरताना चालू ठेवायचा नाही, असा माझा नियम. जेवताना बोलू नये.

२ मार्च, मंगळ.
कव्हर झालं. हिरवं, वर बटण. फोन आता त्यातच असतो, भरतानाही. खिडकीत दुपारचं ऊन येतं, म्हणून बरं.
सौ. देवापुढे बसली की सगळ्यांसाठी मागते. मीना, संजयराव, जोश्यांचा दमा. फोन वाजू दे, असं कधी मागत नाही. विचारलं तेव्हा म्हणाली, "तो वाजायचा म्हणजे कुणाच्या तरी घरात रडारड. तसलं कसं मागू?"
मी कांदे चिरायला घेतले.

१२ मार्च, शुक्र.
सौ.च्या डोळ्याचे थेंब आणायला एकटाच हॉस्पिटलात गेलेलो. सिस्टरने मला बघून पेन खाली ठेवलं. "काका, काल अकराला लावला, साडेबाराला लावला. मोबाइल बंद. घरचा लागत नाही. डॉक्टर थांबायला तयार होते, पण किती थांबणार?"
काल गुरुवार.
डोळा भिवंडीच्या एका बाईला गेला. यंत्रमागावर काम करते, असं सिस्टर म्हणाली. रागावली नाही. रागावली असती तर बरं वाटलं असतं.
बसस्टॉपवर दोन बस सोडल्या. घरी सांगितलं नाही. थेंब दिले, भात खाल्ला, झोपतो म्हणून आडवा झालो.

१३ मार्च, शनि.
सांगितलं. सौ. कुकरची शिटी पुसत होती. पुसतच राहिली. मग विचारलं, ती बाई तरुण आहे का. म्हटलं असेल, कामावर जाते. "मुलं?" ते विचारलं नव्हतं.
मग म्हणाली, "तिला दिसेल ना, चांगलं झालं." आणि शिटी जागेवर बसवून, "पण उद्यापासून तो फोन माझ्याकडे. तुम्ही लई शहाणे आहात, म्हणून म्हणते."
बेचाळीस वर्षांत तिने मला पहिल्यांदाच एखाद्या कामावरून काढलं. तेही बॅटरीच्या.

१५ मार्च, सोम.
फोन मागून घेतला आणि खोपटला पास्कलकडे गेलेलो. माझ्या दुकानाशेजारी रेडिओ दुरुस्त करायचा, हल्ली मोबाइल उघडतो. सगळं सांगितलं. त्याने कव्हर काढलं, बॅटरी टेबलावर ठेवली. ती डुगडुगली. पाठ फुगलेली! माझ्या लक्षातच आलं नव्हतं, लोकरीत कळणार कसं.
म्हटलं, सुईने भोक पाडून आतला वायू सोडू का, ट्रकच्या बॅटरीचं बूच उघडतो तसा? त्याने बॅटरी माझ्यापासून लांबच सरकवली. "घर जाळशील, वस्ताद. फुगली की टोचायची नाही, दाबायची नाही, भरायची तर मुळीच नाही." बाहेर रेतीचा डबा असतो, त्यात नेऊन ठेवली.
मग मला बसवून शिकवलं. आठवणीची भानगड जुन्या निकेलच्या बॅटऱ्यांची, लिथियमला तसलं काही नाही. उलट पार रिकामी केली की तिची ताकद जाते. तीन दिवसांचं पहिलं चार्जिंग नको, नेहमीसारखं भरलं तरी चालतं. फोन चालू ठेवून भरता येतो. हे ऐकून माझे कान तापले. जेवताना बोलू नये म्हणे! सगळ्यात मोठा शत्रू ऊब. ऊन, चुलीची धग, लोकर, काहीच नको. चार्जर ज्याचा त्यालाच.
शेवटी म्हणाला, "तू आयुष्यात ट्रकची बॅटरी कधी पार उतरू दिलीस?"
म्हटलं, कधीच नाही.
"मग हिनं काय घोडं मारलं होतं तुझं?"
दुसरी बॅटरी दिली. निघताना म्हणाला, हात शहाणा होता तुझा, तू जोश्याचं ऐकलंस. जोश्यांना काय बोल लावायचा? त्यांनी सांगितलं, ऐकलं मी.

२० मार्च, शनि.
फोन खिडकीतून हलवला. जिन्याकडच्या भिंतीच्या कोनाड्यातही रेंज येते असं सौ.ने शोधलं. तिथे भिंत गार. मी महिनाभर शोधलं नव्हतं.
कव्हर उसवलं. लोकर गुंडाळून ठेवली.
पास्कलचं सगळं तिला सांगितलं. थोडं थोडं खायला द्यायचं, उपाशी ठेवायचं नाही, ठासून भरून तसंच लावूनही ठेवायचं नाही. म्हणाली, "मी बेचाळीस वर्षं तुम्हाला हेच सांगतेय. डॉक्टर पास्कलने सांगितल्यावर पटलं."

२९ मार्च, सोम.
सौ.ला पडद्यावरच्या बॅटरीच्या दांड्या दिसत नाहीत. सकाळी आणि दुपारी मला विचारते, किती. मी सांगतो, तीन, दोन. दोन म्हटलं की लावते. काढायचं मात्र तिचं ती ठरवते. मधून मधून तळहात टेकवते, भाकरी भाजली का बघावं तसा. कोमट असेल तर ठीक. त्याहून जास्त लागला की वायर काढून फोन गार फरशीवर. मी ॲसिड मापायच्या नळीत डोळा घालून बॅटरी किती भरली ते बघायचो, ही हाताने बघते.
फोन उचलायचं हिरवं बटण कुठे ते तिला बोटाने कळावं म्हणून त्यावर नेलपॉलिशचा थेंब टाकून वाळवला. मीनाची जुनी बाटली, गुलाबी. आता फोन वाजला तर माझी वाट बघायला नको.

८ एप्रिल, गुरु.
उपास आम्हा दोघांचाच. साबुदाणा चांगला मोकळा झालेला.
संजयरावांनी बॅटरी तपासायला म्हणून फोन केला. सौ.ने पहिल्याच घंटेला उचलला, "सिस्टर, येतो आम्ही" म्हणाली, आणि मग जावयाचा आवाज ऐकून लाजली. दिवसभर हसत होतो. रात्री तिने पिशवी भरून दाराशी ठेवली. दोन साड्या, टॉवेल, केसपेपर.

१७ एप्रिल, शनि.
हॉस्पिटलात दाखवून आलो. भिवंडीच्या बाई तिथेच होत्या, सिस्टरने दाखवल्या, पट्टी निघालेली. मी सौ.ला हळूच सांगितलं, त्या याच. सौ. विचारत विचारत त्यांच्याशेजारी जाऊन बसली. काय बोलल्या कळलं नाही. मी औषधांच्या रांगेत होतो. परत आलो तर त्या बाई सौ.च्या साडीचा रंग सांगत होत्या, काठ मोरपिशी आहे म्हणून. सौ. मला म्हणाली, "तुम्ही तर निळा म्हणाला होतात."

२३ एप्रिल, शुक्र.
लाईट नाहीत. सकाळी दहा वाजून पाच मिनिटांनी फोन आला. मी गच्चीत कपडे वाळत घालत होतो. खाली आलो तर सौ. कोनाड्यापाशी उभी, फोन कानाला, "हो, हो, निघू शकतो, हो." डोळा आलाय. पण तपासण्या बाकी आहेत, चांगला निघाला तर तीनपर्यंत पुन्हा फोन करू, पोटात काही घेऊ नका, असं सिस्टरने सांगितलं.
सौ. देवापुढे जाऊन बसली. दिवा लावला तो कुणासाठी, ते मला कळलं.
आता पावणेदोन. फोनवर तीन दांड्या. लाईट पाचला येतात. मी दर पाच मिनिटांनी बघतो, बघितलं की पडदा उजळतो, तेवढी बॅटरी खातो. तिसऱ्यांदा उठलो तेव्हा तिने फोन उचलून पदराखाली मांडीवर घेतला. म्हटलं, तिथे गरम होईल. मग काढून फरशीवर ठेवला, आणि हात फोनच्या शेजारी, न टेकवता.
म्हटलं, डोळा आला की पहिलं काय बघशील?
"माळ्यावरची जळमटं. दोन वर्षं झाडतो म्हणताय."
दोन वाजून दहा. तीन दांड्या.