नऊ खेचरांची आई

९ एप्रिल १९५१
आमच्या पेर्व्हांश घोडीचं नववं खेचर आज विकलं गेलं. स्पेनच्या व्यापाऱ्याने दात पाहिले, पाय उचलून पाहिले, नेलं. घोडी कुंपणापाशी उभी आहे, चाऱ्याला तोंड लावत नाही.
फुल्जांस मात्र घेवडा आणि डुकराचं मांस चापून जेवला. माझा सख्खा भाऊ!

१२ एप्रिल
नऊ वेळा व्याली, नऊही वेळा गाढवापासून. खेचराला पुढे पिल्लू होत नाही. म्हणजे नऊ लेकरं, आणि वंश शून्य. पेर्व्हांश चौदा वर्षांची आहे. तिच्यामागे तिच्या जातीचं आमच्या तबेल्यात कुणी नाही.
आमच्या पोआतू प्रांताच्या घोड्या अशाच संपत आल्या. तीनशे वर्षांपूर्वी दलदल उपसायला उत्तरेकडून माणसं आली, त्यांनी आणलेल्या या थोराड घोड्या. सुपाएवढे खूर, म्हणून चिखलात रुतत नाहीत. खुरांपर्यंत झुलणारे केस, उंदरासारखा रंग, पाठीवर काळी रेघ. चाल संथ. पण खेचर द्यावं तर यांनीच! तेच नडलं.
सरकारी घोडेशाळेचा साहेब प्रदर्शनात सगळ्यांसमोर म्हणाला होता, "हा घोडा नाही, चिखलाचं खोकं आहे." लोक हसले. फुल्जांसही हसला.

१७ एप्रिल
घोडी माजावर आली. मी फुल्जांसला म्हटलं, या खेपेला तिला घोडा दाखवू. दलदलीत तेओफील म्हाताऱ्याकडे आहे अजून एक, याच जातीचा.
"आणि शिंगरू घेणार कोण? कसाई?"
"विकायचं नाहीच. ठेवायचं."
"अगं, ट्रॅक्टर आलेत, आल्फोंसीन! खेचरं खपताहेत तोवर खपवू. तुझ्या हौसेवर तबेला चालत नाही."
तबेला त्याचा. वडिलांनी जाताना सगळं त्याच्या नावावर केलं. माझ्या वाट्याला एक वाक्य आलं — "घोड्यांचं सगळं आल्फोंसीनला कळतं." सत्तेचाळीस वर्षांची झाले ते वाक्य पांघरून. मला मागणी आली होती तेव्हाही वडील हेच म्हणाले होते. "मग घोड्यांचं कोण बघणार?"

१८ एप्रिल
केलं!
फुल्जांस सकाळी मेल गावच्या बाजाराला गेला. मी पेर्व्हांशला घेऊन निघाले. अकरा किलोमीटर, निम्मी वाट चिखलाची. ती डुलत डुलत चालली, मीच दोनदा घसरले.
तेओफील दारातच होता. "भावाला विचारलंस, पोरी?"
"नाही."
"मग मीही तुला पाहिलं नाही." आणि हसत घोडा सोडायला गेला. घोडा म्हातारा, एका डोळ्याने अधू. पण काम चोख. तेओफीलने पैसे घेतले नाहीत. "मादी झाली तर दाखवायला आण," एवढंच म्हणाला.

१९ एप्रिल
फुल्जांसने सकाळीच तिला गाढवाला दाखवली. जटा लोंबणारं ते धूड अंगणात आलं आणि मी लगाम धरून उभी राहिले. तोंड उघडलं असतं तर कालचं सगळं बाहेर आलं असतं. नाही उघडलं. भ्याले.

१४ मे
पुन्हा माजावर आली नाही. गाभण राहिली. कुणाचं?

३ नोव्हेंबर
तेओफील गेला. छातीत कफ झाला होता. त्याच्या पुतण्याने आठवड्याच्या आत घोडा कसायाला दिला. मला काल बेकरीत कळलं, पाव घेता घेता. बाई सहज म्हणाली, "त्या आंधळ्या घोड्याचं मांस जरा चिवटच निघालं म्हणे."
पाव तिथेच ठेवून आले.

१० फेब्रुवारी १९५२
फुल्जांस घोडीचं पोट चाचपून पाहुण्यांना सांगतो, "दहावं खेचर!" मी कॉफी ओतते.

२२ मार्च
दुपारी व्याली. डोकं बाहेर आलं तेव्हा मी आधी कान पाहिले. ओले, चिकटलेले. बोटांनी सरळ केले.
आखूड!
घोडाच. आणि मादी! पाठीवर आईचीच रेघ. मी पेंढ्यात बसून रडले.
फुल्जांस आला. बराच वेळ कानांकडे पाहत राहिला. मग माझ्याकडे. मागे दार ओढून गेला.

२८ मार्च
सहा दिवस अबोला. ताट समोर ठेवते, जेवतो, उठतो.

४ एप्रिल
जातीची वंशनोंद ठेवणारे चिटणीस आले. शिंगरू आवडलं. खूर मोजले, रेघ पाहिली. मग म्हणाले, "घोडा दाखवल्याचा दाखला?"
तेओफीलने कधी लिहून दिलाच नाही. मी मागितला नाही.
"घोड्याचा मालक वारला, घोडाही मेला. साक्षीदार?"
"मी होते. गेल्या वर्षी, १८ एप्रिलला."
"तुम्ही घोडीच्या मालकीणबाई?"
"नाही."
"मग घोडीच्या मालकाची सही आणा. त्यांनी समक्ष पाहिलं असेल तरच. नाहीतर बाप अज्ञात, नोंद नाही." नोंद नाही म्हणजे ती या जातीचीच नाही. मोठी झाली की तिलाही गाढवच! भिंतीपलीकडे फुल्जांसचं फावडं वाजत होतं, त्याने सगळं ऐकलं असेल.
फुल्जांसकडे मी तोंड वेंगाडणार नाही. मेले तरी नाही.

११ एप्रिल
चिटणीसांचं पत्र. नोंद झाली. सोबत फुल्जांसने लिहून दिलेल्या कागदाची नक्कल — "१८ एप्रिल रोजी घोडी मी स्वतः नेली. समक्ष पाहिलं." आणि खाली, शिंगराच्या मालकाच्या रकान्यात, माझं नाव.