फ्रिजवरच्या खुणा

बाबा,

बोकोबाला दवाखान्यात नेतेय. त्याची लघवी पुन्हा तुंबली आहे, वर्षातली ही तिसरी वेळ. नळी घालावी लागणार, म्हणजे दोन दिवस तरी तो तिथेच राहील. तुमचा आत्ताच डोळा लागला होता, म्हणून उठवलं नाही.

फ्रिजवरच्या कागदावर आज सकाळपासून त्याच्या लघवीच्या रकान्यात तुम्ही तीन खुणा केल्यात. मला शंका होतीच, म्हणून कामावर जाताना मी त्याच्या ट्रेमधल्या रेतीवर काट्याने रेघा ओढून गेले होते. दुपारी आले तर रेघा जशाच्या तशा, ओलं ढेकूळ एकही नाही, आणि हा बाथरूमच्या कोपऱ्यात कण्हत बसलेला. मला काळजी नको म्हणून तुम्ही खुणा करता, हे कळतं. पण बोक्याला कागद वाचता येत नाही.

त्याच्या कोरड्या खाण्याचा डबा मी शेजारच्या काकूंना देऊन टाकलाय. यापुढे फक्त ओलं, वर पाणी घालून. तो पायात कितीही घुटमळला तरी विरघळू नका.

तुमचं जेवण ओट्यावर झाकून ठेवलंय.

त्याच कागदावर शेजारी तुमच्या रक्तदाबाच्या गोळ्यांचा रकाना आहे. तिथे महिनाभरात एकही खूण चुकलेली नाही. गोळ्यांचा डबा मी अजून उघडलेला नाही. तेवढा टेबलावर काढून ठेवा. आल्यावर तुमच्यासमोरच उघडते.

– धाकटी