नायकिणीची भिशी

ता. २० नोव्हेंबर १९३३, सोमवार

आज मिलच्या मास्तरनं बोलावलं. खुर्चीतनं हललापण न्हाय. म्हणला, "भागाबाई, सुताला उठाव न्हाय. गोदामात गठ्ठे छताला टेकलेत. रीळखात्यातल्या सहा बायका कमी करायच्या. शनिवारपर्यंत नावं दे."

मी म्हणलं, साहेब, नावं तुमी काढा की.

"बायका तुझ्या, नायकीण तू. मला कुणाचं नाव तरी ठाऊक हाय का?"

ते मात्र खरं बोलला. माझ्या हाताखालच्या सोळा बायका त्याच्या डोळ्यादेखत दिवसभर रिळं फिरवतात, ह्या माणसाला एकीचं नाव सांगता यायचं न्हाय.

घरी आले तर लांबनंच तबकडीच्या पेटीचं गाणं. आमच्या ह्यांचे विणखात्यातले साचे दिवाळीपासनं बंद. साचे बंद म्हणून माणूस घरी, माणूस घरी म्हणून पेटी चालू. चावी द्यायला हाताला जोर हाय, घागर उचलायला न्हाय.

ता. २१, मंगळवार

झोप न्हाय. हे कुणापाशी बोलावं तर ते सकाळी नळावर पोचतं. रात्रीच्या शाळेत चार अक्षरं शिकले ती आता अशी कामाला येतात.

भिशीचं डोक्यातनं जाईना. खात्यातल्या जुन्या अकरा जणी आणि मी, आमची भिशी हाय. दर पगाराला सगळ्यांनी पैसे टाकायचे, वाटीतनं चिठ्ठी काढायची, जिची निघंल तिला सगळी रक्कम. पहिला हात नायकिणीचा, चिठ्ठीबिगर. आणि त्याच्या बदल्यात कुणी बुडवलं तर भरायचं पण नायकिणीनं. ही रीत माझ्याआदीपासनंची. आजवर कुणी बुडवलं न्हाय म्हणून गोड लागली.

माझ्या पहिल्या हाताचं काय झालं, तर ही बोलकी पेटी. एक नाटक कंपनी हितं बुडाली, तिच्या मॅनेजरनं विकायला काढली, आणि आमचे हे घेऊन आले. म्हणले, असा सौदा परत मिळायचा न्हाय. खरंच परत मिळायला नको.

मागल्या पगाराला चिठ्ठी निघाली रंगूची. तिची पोर उजवायची हाय माघात. पण कोंडावन्सं, म्हणजे ह्यांची धाकटी बहीण, ती पण माझ्याच खात्यात, रडत आली. तिच्या नवऱ्याचेपण साचे बंद, सावकाराचा माणूस दारात बसलेला. मी रंगूला म्हणलं, ह्या खेपेला कोंडाला घेऊ दे, पुढल्या पगाराला तू, चिठ्ठीबिगर. रंगू म्हणली, "अक्का, तुमचा शब्द हाय न्हवं? मग झालं की."

झालं की. एवढंच म्हणली ती.

ता. २५, शनिवार

नावं दिली.

पाच जणी नव्या होत्या, भिशीत नव्हत्या. त्या गेल्या. सहावी जुन्यातली काढायची. खरं म्हणजे कोंडा. महिन्यात चार खाडे, सूत तुटलं की गाठ मारायचा कंटाळा, वर कारभारीण असल्यासारखी गप्पा मारत फिरणार. आणि रंगू म्हणजे खात्यातला एक नंबरचा हात.

पण कोंडानं रक्कम उचललेली. ती कामावर राहिली तर पुढले हप्ते भरणार. घरी बसली तर कुटनं भरंल? रंगूला उलट घ्यायचंच हाय. येत्या पगाराला सगळी भिशी तिच्या पदरात, पोरीचं लग्न निघून जाईल, आणि तिच्या हाताला दुसऱ्या मिलमध्ये कोण नको म्हणंल? असा सगळा हिशेब मी बसवला. चांगला जुळला.

हे रात्री म्हणले, "कोंडीचं नाव घातलं असतंस तर आईला काय सांगितलं असतं?" मी म्हणलं, तुमच्या आईसाठी न्हाय केलं. ते हसले. मला लई राग आला.

मास्तरनं कागद न वाचता सही केली.

ता. २७, सोमवार

फाटकाशी रंगू उभी. ओरडली असती तर बरं झालं असतं.

"अक्का, माझं सूत तुटतं का?"

न्हाय म्हणलं.

"माझा खाडा हाय?"

न्हाय. मग म्हणलं, अगं, तुला येत्या पगाराला भिशी मिळणार हाय की, म्हणून—

"भिशी माझीच हाय अक्का. ती काय तुमी देताय व्हय?"

आत जाऊन दिवसभर सगळ्यांवर खेकसले. कोंडा लवकर पळाली, पोटात दुखतं म्हणून. ते पोट मी चांगली ओळखते.

ता. ९ डिसेंबर, शनिवार

पगार. खिडकीपाशी पाटी, पगारात काट. कुणी वाचली न्हाय, मीच वाचून दाखवली. म्हणजे शिव्या पण पहिल्या मीच खाल्ल्या.

वाटी घेऊन बसले. चौघींनी टाकले. एक म्हणली, पुढल्या महिन्याला दुप्पट देते. एकीनं डोळे पुसले न् निघाली. बाकीच्या माझ्याकडं न बघता भिंतीच्या कडंकडंनं गेल्या. कालपर्यंत ह्याच बायका माझ्या डब्यातली चटणी मागून खायच्या! कोंडा कामावरच न्हवती. माझे घातले तरी वाटी अर्धी भरंना.

रंगू फाटकाच्या बाहेर उभी होती, सगळ्या जाईपर्यंत. वाटी तिच्या पदरात ओतली.

"राहिलेलं?"

देते म्हणलं. कुटनं, ते तिनं विचारलं न्हाय. विचारायला पाहिजे होतं. चार शिव्या दिल्या असत्या तर मी पण चार दिल्या असत्या आणि मोकळी झाले असते.

ता. १०, रविवार

कोंडाच्या दाराला कुलूप. शेजारीण म्हणली, नवरा-बायको केम गावाला गेली, सासरी, रातच्या गाडीनं. भांडी सुद्धा नेली.

घरी येऊन ह्यांना सांगितलं तर हे तबकडी पुसत बसलेले. मान वर न्हाय. मला तिथंच कळलं.

"तुमाला ठाऊक होतं?"

तबकडी उलटी केली न् पुसतच राहिले.

"अहो, बोला की!"

"गाठोडं जड होतं," म्हणले. "स्टेशनापर्यंत मीच नेलं."

देवा! ज्या गाठोड्यात रंगूच्या पोरीचं लग्न गेलं ते आमच्या ह्यांनी डोक्यावर घेऊन गाडीत ठेवलं. मी हातातली तपेली आपटली. पोचा आला तपेलीला, तोटा परत माझाच. रात्री स्वैपाक केला न्हाय. ह्यांनी शिळी भाकरी पाण्याशी खाल्ली.

ता. १७, रविवार

केमला जाऊन आले. तिकिटाचे पैसे उसने.

कोंडा एका कुंकवाच्या कारखान्यात लागलीय. हात कोपरापर्यंत लाल, कपाळाला पण पुसलेलं. मला बघून उठली, पाया पडली, पाणी दिलं. एवढी अदब तिनं माझ्या लग्नात पण दाखवली न्हवती.

"वैनी, कुटनं देऊ सांगा? सावकारानं उभ्याउभ्या घेतलं. हितं रोज मिळतो तो खाण्यालाच जातो."

मी म्हणलं, मला देऊ नको, रंगूला दे. तुझ्यापायी तिची पाळी मागं सरली, तुझ्यापायी तिचं काम गेलं.

तर म्हणते कशी, "मी म्हणले होते का, तिला काढा म्हणून?"

आणि ते खरं हाय. न्हवती म्हणली. कागदावर नाव मी लिहिलं, माझ्या अक्षरात. गाडीत बसून सगळा वेळ कोंडाला शिव्या देत आले, पण हे एक वाक्य काही केल्या मागं राहीना.

निघताना तिनं कुंकवाचा पुडा हातात दिला. कुंकू फेकता येत न्हाय, ते तिला बरोबर ठाऊक.

ता. १९, मंगळवार

पेटी बाजारात नेली. मी म्हणायच्या आदी ह्यांनीच खांद्यावर घेतली. गिऱ्हाइकाला चालू करून दाखवावी लागली, तर ही गर्दी! सगळ्यांनी फुकट ऐकलं, घेतली एका चहावाल्यानं, आमी जेवढ्याला घेतली त्याच्या पाव किमतीत. वर म्हणतो, तबकड्या जुन्याच हायत.

येताना हे म्हणले, "त्यानं सुई बदलायला पाहिजे, न्हायतर तबकडी खराब होईल." मी म्हणलं, आता त्याची तबकडी, त्याची सुई. मग वाटलं, कशाला बोलले. साच्यावर उभा राहिलेला माणूस, रोज सकाळी बदली कामासाठी फाटकाला जातो आणि तसाच परत येतो. त्याचं मन कशात तरी असंल म्हणून पेटीत होतं. पण मला पण कुणावर तरी रागवायला पाहिजे ना.

ता. २०, बुधवार

काम सुटल्यावर शुक्रवार पेठेत रंगूच्या खोलीवर गेले. दारात बसून विड्या वळत होती. पोर शेजारी पानं कापत होती, मला बघून आत गेली.

पेटीचे पैसे दिले. रंगूनं घेतले, पदराच्या गाठीला बांधले. अजून बरेच राहतात, ते मी सांगितलं. दर पगाराला माझ्या पगारातनं देईन म्हणलं.

ती म्हणली, "अक्का, पैसं तुमी द्याल. मला भरवसा हाय. पण माघात पोर उजवली तरी फाल्गुनात मी खाऊ काय? मला माझं काम द्या."

दुसऱ्या मिलमध्ये विचारलंस का, म्हणलं.

"तीन फाटकं झाली. सगळीकडं विचारत्यात, तुला का काढली? तुमीच सांगा, काय सांगू?"

हाताची इतकी चांगली म्हणून काढली, असं कोण मानंल?

ता. ६ जानेवारी १९३४, शनिवार

कोंडाचं रीळ महिनाभर रिकामं. आज तिसऱ्यांदा मास्तरकडं गेले. रंगूला परत घ्या म्हणलं. "बघू." आदी दोनदा पण "बघू"च म्हणला होता. ह्या वेळी मी हललेच न्हाय. साहेब, तिच्याइतकं सूत दुसरी उतरवत न्हाय, वजन करून बघा. मग शेवटी वैतागून म्हणला, "बरं, पुढल्या सोमवारपासनं आण. संक्रांत होऊ दे."

पळतच पेठेत गेले. रंगू आत गेली, गुळाचा खडा आणून हातावर ठेवला. पोर पण बाहेर येऊन बसली. घरी येताना भाजी घेतली, पुष्कळ दिवसांनी. ह्यांना म्हणलं, माणसानं केलेलं निस्तरता येतं, फक्त मागं लागायला पाहिजे. लई शहाण्यासारखी बोलले.

ता. ९, मंगळवार

पगार. काट तशीच. तिघींनी थोडे थोडे टाकले, कबूल केलेल्या दुप्पटवालीनं तोंड फिरवलं. माझ्या पगारातलं घालून रंगूला नेऊन दिलं. वाण्याला म्हणलं, पुढल्या महिन्यात. वाणी म्हणला, मागल्या महिन्यात पण तुमी हेच म्हणला होता. आठवण चांगली हाय मेल्याची.

ता. १४, रविवार, संक्रांत

गावात गड्ड्याच्या जत्रेची गर्दी, रस्त्यावर पाय ठेवायला जागा न्हाय. तिळगूळ केला, गूळ कमी पडला. दुपारी मास्तरचा शिपाई दारात. सणाच्या दिवशी बोलावणं! हातातला तिळगूळ तसाच ठेवून गेले.

मास्तर आज पहिल्यांदा बस म्हणला. तवाच ओळखलं.

"वरनं हुकूम हाय. दहा बायकांवर नायकीण कशाला? मुकादमी जॉबर करंल. उद्यापासनं नायकिणीची जागा बंद."

मी उठून उभी राहिले.

"तुला घालवत न्हाय मी, जुनी हायेस. ते एक रीळ रिकामं हाय ना, त्याच्यावर बस. पगार रीळवालीचा."

साहेब, त्या रिळावर उद्या रंगू येणार हाय. तुमीच म्हणला.

"म्हणलो असंल. तवा तू नायकीण होतीस. आता एक रीळ हाय, एकच बाई बसंल. तू न्हायतर ती, मला कुणीपण चालंल. उद्या भोंग्याला जी उभी असंल तिचं नाव लिहितो."

परत मलाच नाव द्यायचं! ह्या माणसाच्या तोंडाला दुसरं काही येतच न्हाय.

ह्यांना सांगितलं. चुलीतली लाकडं सारखी केली त्यांनी. मग म्हणले, "तू बस. घरात एक तरी पगार पाहिजे. तुझा पगार असला तर रंगूचं राहिलेलं तरी फिटंल."

हे पण खरं. मी बसले तर रंगूचे पैसे देता येतील. मी बसले न्हाय तर रंगू स्वतःच मिळवंल, पण भिशीचं राहिलेलं मी कुटनं आणू, आणि आमी दोघं खाणार काय? कसंपण फिरवलं तरी एका अंगाला उघडं पडतंच. मागल्या खेपेला हिशेब चांगला जुळला होता. आता जुळवायची भीती वाटते.

रंगूकडं जाऊन सांगावं म्हणून दोनदा चप्पल घातली. दोनदा काढली. बाहेर गड्ड्यावरनं येणारी माणसं, पोरं पिपाण्या वाजवत चाललेली. ह्यांना म्हणलं, जरा खिडकी लावा.

ता. १५, सोमवार, पहाट

पहिला भोंगा झाला. हे माझ्याआदी उठले, चूल पेटवली, भाकरी पण थापली. वाकडी झालीय. डबा भरून दारात उभे हायत आणि माझ्याकडं बघत न्हाईत.

रंगू फाटकाशी पोचली असणार. ती कधी उशीर करत न्हाय. तिला अजून ह्यातलं काही ठाऊक न्हाय. घरात तिळगूळ राहिलाय, तिच्या पोरीसाठी बांधून घेतला. आता वाटतं, हातात तिळगूळ घेऊन तिच्यासमोर कसं जायचं? आणि रिकाम्या हातानं तरी कसं जायचं?

हे म्हणतात, दुसरा भोंगा होईल, चल.

जाते.